भित्र्या लेकराला राक्षसांचा सिनेमा कसा दाखवावा

आमच्या परभणीकडं लेकरू जेवंना की ‘बागुलबुवा येईल’ म्हणतात. आधी ते बंद करा. मग पिक्सार कंपनीचा 2001 चा अ‍ॅनिमेशन सिनेमा ‘मॉन्स्टर्स, इंक.’ लावा; दिवसाउजेडी, आवाज बारीक ठेवून. माझी पुतणी पहिल्यांदा मांडीवर बसूनच बघत होती. सली नावाचा निळा राक्षस आला की थांबवून त्याचे केस दाखवा, संगणकावर 23 लाखांहून जास्त केलेत! रंग बदलून गायब होणारा रँडल मात्र खरंच भीती घालतो, लेकरू लहान असेल तर तेवढं पुढं ढकला.

बू ही माणसाची छोटी पोर खिदळते अन् दिवे लख्ख होतात, तिथं घाई नको. हे एवढाले राक्षसच तिला भितात, हे लेकराला स्वतःहून उमगू द्या. सिनेमातले राक्षस कपाटाच्या दारातून येतात, म्हणून रात्री ते दार उघडं ठेवायचं का बंद, तेही त्यालाच विचारा.