जमिनीखालची गाळण-भिंत: गोव्यात या चुका टाळा

पावसाळ्यात चिऱ्याच्या खाणीतली कापलेली बाजू जवळून बघा. एका भोकातून पाण्याची धार लागलेली असते आणि वीतभर पलीकडचा दगड नुसता ओलसर. दूषित भूजल वाटेतच अडवून शुद्ध करायचं असेल, तर आपल्या जांभ्याचा हा स्वभाव आधी लक्षात घ्यावा लागतो.

या पद्धतीत पंप नसतो. पाण्याच्या वाटेत आडवा चर खणून त्यात लोखंडाचा कीस भरतात. पाणी आपल्या चालीने त्यातून जातं आणि विषारी द्रव्यं निकामी होतात. अमेरिकेतल्या एलिझाबेथ सिटीत १९९६ साली अशी ४६ मीटर लांब आणि सुमारे ७ मीटर खोल भिंत घातली. जाडी जेमतेम ६० सेंटिमीटर.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे पाण्याची दिशा मे महिन्यात एकदाच मोजून भिंतीची जागा ठरवणं. आपल्याकडे पावसात विहिरी काठोकाठ येतात आणि वरच्या भोकाळ चिऱ्यातल्या, उन्हाळ्यात कोरड्या असलेल्या वाटा वाहू लागतात. किमान तीन विहिरींची पातळी मे, ऑगस्ट आणि डिसेंबरमध्ये मोजा, आणि तीही एकाच दिवशी. शेजारी टँकर भरणारा पंप असेल तर तो चालू असतानाही मोजा, कारण उपसा सुरू झाला की पाणी तिकडे ओढलं जातं.

लोखंड सगळ्यावर चालत नाही. षट्संयुजी क्रोमियम (क्रोमियम धातूचं विषारी, पाण्यात विरघळणारं रूप) आणि ट्रायक्लोरोइथिलीन (यंत्रांवरचं ग्रीस धुण्याचं द्रावण) यांवर ते उत्तम. पेट्रोल झिरपलं असेल तर जिवाणूंना प्राणवायू पुरवावा लागतो, आणि शोषखड्ड्यातल्या नायट्रेटसाठी लाकडाचा भुसा कामी येतो. समुद्राचा खारटपणा यातल्या कशानेच जात नाही.

भिंतीचा पाया चिऱ्याखालच्या चिकणमातीत नीट रुतवा, नाहीतर पाणी खालून निसटेल. खणताना हीच माती चराच्या बाजूंना लिंपली जाते, ती खरवडून काढा.

भिंतीआधीच्या निरीक्षण-विहिरीत पाणी चढत चाललं आणि पलीकडे उतरत गेलं, तर भिंत बुजते आहे असं समजा. लोखंडावर गंज आणि चुनखडीचे थर बसतात. दोन्ही टोकांपलीकडचे नमुने तपासा, पाणी वळसा घालून जात असेल. पातळी ठीक असूनही पलीकडचं पाणी खराबच येत असेल, तर घाई करू नका. आधीच पुढे गेलेलं दूषित पाणी निघून जायला महिने, कधी वर्षंही लागतात.

तोवर भिंतीपलीकडच्या विहिरीचं पाणी पिऊ नका, वास येत नसला तरी. क्रोमियमला वास नसतो.