काम न थांबवता झटपट टिपण: नोटपॅडची जुनी सोय

काम ऐन रंगात असताना दुसरंच काहीतरी आठवतं. ते टिपायला एखादं मोठं अ‍ॅप उघडलं की हातातल्या कामाचा धागा तुटतो. विंडोजवर यासाठी साधं नोटपॅड पुरतं.

नवी फाइल उघडा. अगदी पहिल्या ओळीत टिंब आणि त्याला जोडूनच एल, ओ, जी ही तीन इंग्रजी अक्षरं टाइप करा. अक्षरं कॅपिटलच हवीत, नाहीतर काहीच होत नाही. फाइल सेव्ह करून बंद करा. यापुढे ती उघडली की शेवटी त्या क्षणाची तारीख आणि वेळ आपोआप उमटते. त्याखाली एक ओळ लिहायची, कंट्रोल+एस, ऑल्ट+एफ४, आणि परत कामाला.

आता खरी गंमत. या फाइलचा शॉर्टकट डेस्कटॉपवर ठेवा, त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘शॉर्टकट की’च्या चौकटीत एन दाबा. कंट्रोल+ऑल्ट+एन ठरून जातं. माउसला हात लावायचीही गरज उरत नाही. शॉर्टकट दुसऱ्या कुठल्या फोल्डरमध्ये हलवू नका, मग ही कळ चालत नाही. फाइल आधीच उघडी असेल तर एफ५ दाबून वेळ टाका.

मॅकवर मॉन्टेरे किंवा त्यापुढची आवृत्ती असेल तर एफएन+क्यू दाबलं की क्विक नोट उघडते.

टिपताना वाक्य सजवत बसू नका. दोन-चार शब्द पुरेत. वर्गवारी संध्याकाळी, सगळ्या नोंदी एकदम समोर घेऊन करा.