गरोदरपणातील काळजी आणि मुलाचा दमा: घरात काय करावे

बाळाच्या श्वासनलिकांची फांद्यांसारखी रचना आईच्या पोटातच, साधारण सतराव्या आठवड्यापर्यंत तयार होते. हवेचे बारीक फुगे मात्र बहुतांशी जन्मानंतर वाढत राहतात. मुलाला पुढे दमा होईल की नाही हे एकट्या गरोदरपणावर ठरत नाही, त्यात आनुवंशिकतेचा आणि जन्मानंतरच्या हवेचाही वाटा असतो. तरीही आईच्या श्वासातून आणि रक्तातून त्या नऊ महिन्यांत बाळापर्यंत काय पोहोचते याला फार महत्त्व आहे. सातारा-सांगलीकडच्या घरांत त्यासाठी काय करता येईल, ते येथे लिहिते आहे.

आधी ज्या गर्भवतीला स्वतःलाच दमा आहे तिच्याविषयी. दिवस गेल्याचे कळताच घरातील मोठी माणसे ‘आता औषधे नकोत, बाळाला बाधतील’ असे म्हणतात आणि तिचा दम्याचा पंप (इनहेलर) कपाटात जातो. माझ्या मते संपूर्ण गरोदरपणातील ही सर्वांत घातक चूक आहे. पंपातील औषध थेट फुफ्फुसात जाते, रक्तात त्याचा फारच थोडा अंश उतरतो, आणि ब्युडेसोनाइडसारखी, श्वासनलिकांची सूज कमी ठेवणारी औषधे गरोदर स्त्रियांना वर्षानुवर्षे दिली गेली आहेत. उलट दमा आटोक्यात नसेल तर आईचा रक्तदाब वाढण्याची, बाळ कमी वजनाचे किंवा 37 आठवड्यांच्या आत जन्मण्याची शक्यता वाढते, आणि अपुऱ्या दिवसांच्या मुलांना पुढे छातीत घरघर होण्याचा धोका अधिक असतो. गरोदरपणात सुमारे एक तृतीयांश स्त्रियांचा दमा बळावतो, म्हणून रात्री खोकल्याने जाग येऊ लागली किंवा आराम देणारा पंप आठवड्यात दोनपेक्षा जास्त वेळा घ्यावा लागला, तर पुढच्या तपासणीची वाट न पाहता डॉक्टरांना भेटावे. पहिल्या बाळंतपणासाठी सातव्या महिन्यात माहेरी जाताना पंप, चिठ्ठी आणि तपासणीची फाईल एकाच पिशवीत ठेवावी आणि पंप कधी व कसा घ्यायचा हे माहेरच्या एका माणसाला तरी नीट समजावून द्यावे.

दुसरी गोष्ट तंबाखूची, आणि आपल्या भागात तंबाखू म्हटले की केवळ पुरुषांची विडी-सिगारेट डोळ्यांसमोर आणून भागत नाही. तव्यावर तंबाखू काळी पडेपर्यंत भाजून मशेरी केली जाते तेव्हा मिरचीसारखा खकाणा उठतो आणि माजघरात बसलेली माणसेही ठसकू लागतात. ती चिमूटभर मशेरी हिरड्यांवर घासली की तिच्यातील निकोटिन रक्तात उतरते आणि वारेतून बाळापर्यंत जाते. ‘मी कुठे तंबाखू खाते, नुसते दात घासते’ असे सांगणाऱ्या बायांवर रागावून काही साधत नाही, कारण ही सवय बहुधा आई किंवा आजीकडून आलेली असते. सकाळी ब्रश आणि पेस्ट, दुपारी तलफ आली की बडीशेप किंवा लवंग, आणि घरात मशेरी भाजणेच पूर्ण बंद, एवढ्यापासून सुरुवात करता येते. जमत नसेल तर 1800-11-2356 या तंबाखू सोडण्यासाठीच्या मोफत क्रमांकावर मदत मिळते. विडी ओढणाऱ्या नवऱ्याने किंवा सासऱ्याने घराबाहेरही शक्यतो ओढू नये, कारण वास कपड्यांतून आत येतो.

धुराचे पुढचे ठिकाण न्हाणीघर. 2016 पासून उज्ज्वला योजनेतून अनेक घरांत गॅस आला, पण अंघोळीचे पाणी तापवण्याची चूल उसाच्या पाचटावर आणि काटक्यांवर तशीच पेटत राहिली. ती पेटवण्याचे काम गर्भवतीकडून काढून घ्यावे. शेजारच्या शेतात पाचट पेटणार असल्याचे आधी कळले तर त्या बाजूची दारे-खिडक्या बंद करून तिने तेवढा वेळ दुसरीकडे थांबावे. कृष्णाकाठी 2019 आणि 2021 च्या पुरानंतर भिंतींना धरलेली बुरशी आजही काही घरांत दिसते. ती साबणाच्या पाण्याने पुसून भिंत वाळवावी, मात्र हे कामही दुसऱ्या कोणी करावे.

आहाराविषयी थोडक्यात. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका डॅनिश चाचणीत शेवटच्या तिमाहीत माशाच्या तेलातील ओमेगा-3 हे स्निग्ध घटक रोज 2.4 ग्रॅम दिलेल्या मातांच्या मुलांमध्ये सततची घरघर किंवा दमा सुमारे एक तृतीयांशाने कमी आढळला, पण हा लाभ मुख्यतः ज्यांच्या रक्तात ते स्निग्ध घटक कमी होते त्यांना झाला. म्हणून कॅप्सूल स्वतःहून आणू नयेत. मासे खाणाऱ्यांनी बांगडा किंवा तारली आहारात ठेवावी आणि बाकीचे डॉक्टरांना विचारावे. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गर्भवतींची मोफत तपासणी होते, तेथे हा प्रश्न आवर्जून विचारता येतो.

पुढे मुलाला दमा झालाच, तर आईला जबाबदार धरू नये. चूल, विडी, मशेरीचा तवा हे साऱ्या घराचे असते.

बाळंतपणानंतर ओवा-शेपेची धुरी देण्याची पद्धत आहे. बंद खोलीत शेगडी ठेवून बाळ त्या धुरात निजवले, तर नऊ महिने ज्या फुफ्फुसांना जपले त्यांनाच पहिल्या आठवड्यात धूर मिळतो. आजीला हे आधीच, सातव्या महिन्यातच प्रेमाने सांगून ठेवावे. शेक गरम पाण्याच्या पिशवीने आईला देता येतो, आणि ओवा-शेपा तिला खायला द्यावी.