शॉर्टहॉर्नचे वळू कागदावर कसे तोलावेत

पैदाशीचा वळू कसा निवडावा हे मी कृष्णाकाठच्या गोठ्यांमध्ये वर्षानुवर्षं सांगत आलो. उदाहरण मात्र घेत असे इंग्लंडातल्या शॉर्टहॉर्न या गुरांच्या जातीचं. आपल्या खिलारची वंशावळ म्हाताऱ्यांच्या तोंडी राहिली. शॉर्टहॉर्नची जॉर्ज कोट्स यांनी 1822 मध्ये छापून काढली, त्यामुळे कुठला वळू कुणाचा नातू हे आजही बोट ठेवून दाखवता येतं.

सुरुवात करताना प्रसिद्धी बाजूला ठेवा. 1796 साली जन्मलेला ‘डरहॅम ऑक्स’ गाडीत घालून वर्षानुवर्षं गावोगाव दाखवला गेला, त्याची चित्रं घरोघर लागली. पण तो खच्ची केलेला बैल. त्याच्या मागे एकही वासरू नाही. त्याचा बाप ‘फेव्हरिट’ (जन्म 1793) डार्लिंग्टनजवळच्या कॉलिंग बंधूंकडचा. तुमच्या कागदावर पहिलं नाव त्याचं लिहा.

आता मोठा कागद आडवा ठेवा. डावीकडे वळू, उजवीकडे वर बाप आणि खाली आई, अशा चार पिढ्या मांडा. तेच नाव पुन्हा आलं की त्याच रंगानं गोल करा. हाताला वळण बसावं म्हणून ‘कॉमेट’ घ्या (जन्म 1804). बाप फेव्हरिट. आई ‘यंग फिनिक्स’, तीही फेव्हरिटचीच लेक. आणि तिची आई ‘फिनिक्स’ म्हणजे खुद्द फेव्हरिटची जन्मदाती. पहिल्यांदा हा कागद भरला तेव्हा मला वाटलं, आपलंच काहीतरी चुकलंय. दोनदा तपासला. चूक नव्हती.

वळूचे आईबाप एकमेकांच्या किती जवळच्या रक्ताचे, म्हणजे त्याच्यात अंतःप्रजनन किती, याचा हिशेब असा. सामाईक पूर्वज बापाकडून किती पिढ्या वर, आईकडून किती पिढ्या वर, यांची बेरीज करून एक मिळवा. एकाचं तितक्या वेळा निम्मं करा. फेव्हरिट स्वतःच बाप, म्हणून शून्य, आईकडून एक, अधिक एक. दोनदा निम्मं, म्हणजे पाव. फिनिक्स दोन्हीकडून एकेक पिढी वर, अधिक एक. तीनदा निम्मं, म्हणजे एक अष्टमांश. एकूण साडेसदतीस टक्के. आणखी मागच्या पिढ्या धरून सिवॉल राइट या अमेरिकन शास्त्रज्ञानं हाच आकडा सुमारे 47 टक्के काढला. ही पद्धतही त्याचीच.

कॉलिंगकडच्या 1810 च्या लिलावात कॉमेट एक हजार गिनींना (गिनी म्हणजे जुनं इंग्रजी नाणं) गेला. एका वळूला इतकी किंमत त्याआधी कधी आली नव्हती. त्याच लिलावात थॉमस बेट्स यांनी कॉमेटची एक लेक घेतली आणि तिच्यापासून ‘डचेस’ घराणं उभं केलं. 1873 मध्ये अमेरिकेतल्या न्यूयॉर्क मिल्सच्या लिलावात या घराण्यातल्या एका गाईला 40,600 डॉलर आले. पण आतून हे घराणं वांझपणानं पोखरलं होतं. म्हणून वळूच्या नावापुढे किमतीचा रकाना ठेवूच नका, लेकींच्या वेतांचा ठेवा. गाय गाभण राहते का, दर वर्षी वासरू देते का, याच्या खाली सगळं येतं.

याच्या शेजारी ठेवा ‘चॅम्पियन ऑफ इंग्लंड’, 1859 चा, स्कॉटलंडात सिटिटनला एमस क्रुकशँक यांच्या कळपातला. प्रदर्शनांत त्याचं फारसं नाव झालं नाही. तरी क्रुकशँकनी त्याला घरी ठेवला, मग त्याचे मुलगे, मग नातू. आखूड पायांचा, लवकर अंगावर भरणारा जो मांसाचा शॉर्टहॉर्न पुढे अमेरिकेत पसरला, तो या ओळीतला. मला विचाराल तर खरा पारखी क्रुकशँक. त्यानं बक्षीस नाही, वासरं पाहिली.

राइट आणि मॅकफी यांनी 1920 च्या शॉर्टहॉर्नचं फेव्हरिटशी नातं मोजलं, ते निघालं सुमारे 55 टक्के. बाप-लेकाचं नातं साधारण 50 धरतात. म्हणजे सव्वाशे वर्षांनंतरची अख्खी जात पोटच्या लेकरापेक्षा त्याच्या जवळची! दोन वळूंचे असे आकडे शेजारी आले तर त्यांची बेरीज मात्र करू नका. चॅम्पियनच्या अंगात फेव्हरिट आहेच, तोच वाटा दोनदा मोजला जाईल.

शेवटचा रकाना दोषाचा, आणि तो रिकामा सोडू नका. अलीकडचं नाव घ्यायचं तर आयर्लंडहून उत्तर अमेरिकेत गेलेला ‘डीअरपार्क इम्प्रूव्हर’. अंगानं दणकट, केसाळ, म्हणून त्याची पैदास झपाट्यानं वाढली. त्याच्याच ओळीतून टीएच (टिबियल हेमिमेलिया) हा आनुवंशिक दोष पसरला: वासरू पायांची हाडं वेडीवाकडी घेऊन जन्मतं आणि जगत नाही. वाहक, म्हणजे स्वतः धड पण दोष रक्तात असलेला वळू आणि तशीच वाहक गाय एकत्र आली की सरासरी चारांत एक वासरू असं निघतं. आता डीएनए तपासणी होते. म्हणून इम्प्रूव्हरची सगळी ओळ लाल शाईनं खोडायची गरज नाही; प्रत्येक नातवापुढे ‘वाहक’ किंवा ‘निर्दोष’ लिहा, आणि निर्दोषच पुढे न्या.