चारोळी: फळे पिकू द्यावीत, कोय ताजी असतानाच लावावी

मोहफुलांचा हंगाम ओसरला की गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया आणि मेळघाटच्या जंगलांत ‘चार’ या झाडाची फळे भरू लागतात. बाजारात महाग विकली जाणारी चारोळी म्हणजे याच फळाच्या कठीण कोयीतला दाणा. परंतु दुसऱ्याच्या आधी आपली टोपली भरावी या घाईने फळे हिरवी असतानाच ओरबाडली जातात, प्रसंगी फांदीसकट तोडली जातात, आणि जंगलातील चाराची झाडे विरळ होण्याचे हे एक मोठे कारण आहे. कच्च्या फळातला दाणा वाळल्यावर सुरकुततो, वजनात मार खातो आणि अशी कोय सहसा रुजतही नाही. फुलोरा फांद्यांच्या शेंड्यांकडे येत असल्याने मोडलेली फांदी पुढच्या वर्षाचे फळही घेऊन जाते.

फळ काळसर जांभळे होईपर्यंत थांबावे आणि काही फळे झाडावरच राखावीत. एकट्याने थांबून उपयोग नाही, कारण शेजारचा थांबत नाही. म्हणून तोडणीचा दिवस ग्रामसभेने ठरवावा. वनहक्क कायदा, २००६ नुसार सामूहिक हक्क मिळालेल्या गावांना असे नियमन करता येते.

लागवडीसाठी पूर्ण पिकलेली, जमिनीवर गळालेली फळे घ्यावीत. गर चोळून धुवावा, पाण्यावर तरंगणाऱ्या कोया टाकून द्याव्यात आणि उरलेल्या सावलीत सुकवाव्यात. चाराच्या बियांची उगवणक्षमता फार काळ टिकत नाही. घरात वर्षभर ठेवलेल्या कोयांवर भरवसा ठेवू नये. पेरणीपूर्वी कोया २४ तास पाण्यात भिजवून आतल्या दाण्याला धक्का न लावता कवच हलकेच तडकवावे, कारण टणक कवचामुळेच उगवण अडते. हे काम घाईने करणाऱ्याच्या हाती निम्मे दाणे फुटलेले लागतात. सोटमूळ लवकर खोल जात असल्याने उथळ पिशवी वापरू नये. त्यापेक्षा पाऊस स्थिरावल्यावर निचऱ्याच्या धुऱ्यावर (शेताच्या बांधावर), एकेका ठिकाणी दोन-तीन कोया थेट टोकणे सोपे पडते. पाणी साचणाऱ्या धानाच्या बांधीत (भातखाचरात) मात्र हे झाड लावू नये.

दोन झाडांत ८ ते १० मीटर अंतर ठेवावे. लवकर फळ हवे असल्यास रोपावर चांगल्या झाडाची काडी घेऊन कोवळ्या फांदीवरचे कलम करता येते. मोह वेचण्यासाठी झाडाखालचा पाला पेटवण्याची सवय आपल्याकडे आहे; त्या आगीत चाराची आपोआप उगवलेली रोपे जळतात, म्हणून पाला झाडून बाजूला करावा आणि धुऱ्यावरच्या रोपांना शेळ्यांपासून काट्यांचे कुंपण घालावे.