चौकातली चिल्लर आणि पितृपक्षातला शिधा: इंदूरकरांसाठी थोडं हिशेबी दान

आपल्याकडे दान निघतं ते तिथी पाहून: पितृपक्ष, संक्रांत, नाहीतर नातवाचा वाढदिवस. एरवी सिग्नलला काच खाली करून दिलेली चिल्लर. ही दुसरी वाट आता बंद आहे. १ जानेवारी २०२५ पासून इंदूर जिल्हा प्रशासनाने भीक मागण्यासोबत भीक देणंही गुन्हा ठरवलं.

हात आखडू नका, पैसे वळवा. चौकात, देवळाबाहेर महिन्याला किती सुटतात ते एकदा मोजा. चार-पाचशे निघाले, तर पगाराच्या दुसऱ्या दिवशी तेवढी रक्कम एकाच संस्थेला आपोआप जाईल अशी सूचना बँकेत द्या. महिनाअखेरीवर ठेवलेलं दान राहूनच जातं.

करसवलत हवी असेल तर आधी आपली करप्रणाली बघा. नव्या प्रणालीत ८०जीची, म्हणजे देणगीवरची, वजावट मिळत नाही. जुनीत असाल तरी २,००० रुपयांवरची देणगी रोखीत देऊ नका, ती सगळीच बाद होते. धान्य-कपड्यांनाही वजावट नाही. संस्थेला पॅन अचूक कळवा आणि साध्या पावतीवर न थांबता वर्षअखेरीचं देणगी प्रमाणपत्र मागून घ्या.

अन्नदानात मात्र घोळ जास्त होतात. सर्वपित्रीला जो तो पुरी-भाजी अन् खीर घेऊन निघतो. एमवायसारख्या मोठ्या इस्पितळाबाहेर किंवा रैनबसेऱ्यात (बेघरांच्या रात्रनिवाऱ्यात) तुमच्याआधी तिघे येऊन गेलेले असू शकतात. आदल्या दिवशी विचारा: किती माणसं, किती वाजता, दुसरं कोणी येतंय का? पितरांच्या नावाने दिलेलं जेवण आठवड्याने दिलं तर चालतं का, हे गुरुजींना विचारा. आमच्या मते उपाशी माणसाला तिथी नसते.

पन्नास जणांना ४ किलो तांदूळ आणि २ किलो मूगडाळीची खिचडी पुरते. खीर टाळा, दुधाचं लवकर नासतं. खिचडी खोल पातेल्यात झाकून कोमट होऊ दिली की मधोमध आंबते, वरून कळतही नाही. म्हणून चुलीवरून उतरवली की वाफाळतीच थर्मासच्या डब्यांत भरा आणि दोन तासांत वाढून संपवा. उरलेली संध्याकाळी दुसरीकडे नेऊ नका.

पत्रावळी पानांच्या घ्या. सोबत दोन पिशव्या ठेवा, ओल्याची वेगळी, सुक्याची वेगळी. वाढून झालं की त्या महापालिकेच्या कचरागाडीत द्यायच्या.