मिक्सर बिघडलाय म्हणण्याआधी

कडोली, उचगाव, येळ्ळूर या बेळगाव भागातल्या गावांत मराठी साहित्य संमेलनं भरतात. अशाच एका गावच्या संमेलनात मी पहिल्यांदा मिक्सरवर, म्हणजे सगळ्या माइकांचा आवाज एकत्र करणाऱ्या यंत्रावर, एकटा बसलो. साउंडच्या कामाला लागून जेमतेम दोन महिने झाले होते. कविसंमेलन सुरू झालं, पहिले कवी उभे राहिले, त्यांचे ओठ हलले, पण आवाज नाही. मी गेन (माइकचा आवाज आत येतानाच वाढवणारं बटण) पिळला, फेडर (आवाजाची सरकती दांडी) वर ढकलला, ईक्यूचे (आवाजाचा जाड-बारीकपणा बदलणारे) तिन्ही कान पिरगळले, माइक बदलला, केबल बदलली. हे सगळं एका मिनिटात. मंडपाच्या शेवटून ‘आवाज येईना की हो’ सुरू झालं.

आमचे मेस्त्री चहा टाकून आले. म्हणाले, “हात काढ आधी. आवाज कुठवर आलाय, बघितलास काय?”

त्यांनी हेडफोन कानाला लावला, चॅनेलवरचं, म्हणजे मिक्सरवरच्या त्या माइकच्या रांगेतलं, पीएफएलचं (फेडरच्या आधीचा आवाज हेडफोनात ऐकवणारं) बटण दाबलं आणि हेडफोन माझ्या कानावर ठेवला. कवी छान ऐकू येत होते, किंचित फाटत होते इतकंच. मग मेस्त्रींनी फेडर खाली घेतला आणि त्याच्या शेजारचं एल-आरचं बारकं बटण दाबलं. कुणीतरी मिक्सरवर पिशवी टेकवली होती, तेव्हा ते वर आलं होतं. चॅनेलमध्ये आवाज होता, मेनकडे, म्हणजे स्पीकरकडे, जायची वाट बंद होती. फेडर आधी खाली का घेतला, हे मला पुढं कधीतरी उमगलं. मी गेन इतका पिळून ठेवला होता, की नुसतं बटण दाबलं असतं तर पहिल्या रांगेतले पाहुणे खुर्चीतून उठले असते.

या धंद्यात नवीन येणाऱ्याला मी हेच आधी सांगतो. मिक्सर क्वचित बिघडतो. आवाज माइकमधून निघतो, केबलीतून कॅनन (तीन पिनांच्या एक्सएलआर) सॉकेटला येतो, मग गेन, ईक्यू, फेडर, मेन, तिथून अ‍ॅम्प आणि स्पीकर. या वाटेवर तो कुठवर पोचला ते शोधायचं, आणि शोधायला मधूनच सुरुवात करायची. पीएफएलला ऐकू आला तर माइक, केबल, गेन ठीक. म्यूट (आवाज बंद करायचं बटण), एल-आर, ग्रुप (चार-दोन चॅनेलांचा एकत्र फेडर), मेन बघा. ऐकू आला नाही तर उलटं, केबलीकडं आणि माइककडं चला. मेनचे दिवे नाचतायत आणि बाहेर शांतता आहे, तर मिक्सरला हातच लावू नका, अ‍ॅम्पकडं पळा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. मी त्या दिवशी सात बदलल्या होत्या, त्यामुळं आवाज आल्यावरही पुढची पंधरा मिनिटं सगळं परत जागेवर आणण्यात गेली.

आवाज फाटण्याची तक्रार आली की नवीन पोरगा फेडर खाली घेतो. आवाज कमी होतो, पण फाटायचा राहत नाही, कारण तो फेडरच्या आधीच, गेनवर फाटलेला असतो. पीकचा लाल दिवा बघा आणि गेन कमी करा. उलट गेन अगदी कमी ठेवून फेडर आणि अ‍ॅम्प पूर्ण वर नेला, की मागं सूंऽऽ अशी सळसळ ऐकू येते. गेन असा लावायचा, की फेडर शून्याच्या खुणेजवळ राहील. आणि तो ‘हॅलो, चेक, माइक चेक’वर लावू नका. आमच्याकडं कीर्तनं भरपूर. बुवा निरूपण करताना हळू बोलतात, आणि ‘पुंडलिक वरदे’ला तोच माइक आणि तेच बुवा तिप्पट होतात. मी सरळ विनंती करतो, “महाराज, एकदा गजर करून दाखवा.” आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही.

हम्म, म्हणजे स्पीकरमधली एकसारखी घूं, हा प्रकार मात्र सावकाश समजून घ्यायला हवा. खानापूर भागातल्या एका देवळात पारायण होतं. मिक्सरला लाइट मंडपातून घेतलेली, अ‍ॅम्पला देवळातल्या बोर्डावरून, आणि आवाज नसतानाही स्पीकरमधून एकसारखी घूंऽऽ. दोन ठिकाणांचं अर्थिंग दोन जागी आणि मधून केबलीतली तारेची जाळी त्यांना जोडणारी. त्या जाळीतून विजेचा ५० हर्ट्झचा प्रवाह फिरतो आणि तोच ऐकू येतो. दोन्ही यंत्रं एकाच बोर्डावर आणली आणि घूं थांबली. लॅपटॉप जोडल्यावर हम्म किंवा चिरचिर आली, तर आधी चार्जर काढून बघा. चार्जर काढताच गेली, तर मध्ये ग्राउंड लिफ्टचं (केबलीतली अर्थची जोडणी तोडणारं) बटण असलेला डीआय बॉक्स, म्हणजे मध्ये जोडायची छोटी डबी, टाका.

काही जण अशा वेळी थ्री-पिनची अर्थची पिन कापतात. हम्म जातो, हे खरं. पण पुढं यंत्रात करंट उतरला तर त्याला जमिनीत जायला वाट राहत नाही, आणि लोखंडी माइक धरलेला माणूसच ती वाट होतो. मेस्त्रींना मी एकदाच चिडलेलं बघितलं, ते अशाच कापलेल्या पिनेवरून.

गावात प्लग लावायच्या आधी मल्टिमीटर लावा. २३० व्होल्टच्या आसपास दिसायला हवं. मंडपातले काही दिवे अचानक जास्त उजळले आणि काही मंदावले, तर न्यूट्रल सैल झालाय असं समजा आणि मिक्सरचा प्लग लगेच ओढा. थ्री-फेज लाइनवर न्यूट्रल सुटला तर २३०च्या जागी ४००च्या घरात व्होल्ट येऊ शकतात. तेव्हा मात्र मिक्सर खरोखरच बिघडतो.

आता मला सगळ्यात जास्त फसवलेला बिघाड. शाळेचं गॅदरिंग. पोरी लावणीवर नाचणार, गाणं बाईंच्या मोबाइलवर. मी मोबाइलची ईपी पिन (हेडफोनची बारीक पिन) असलेली केबल घेतली. तिच्या दुसऱ्या टोकाला स्टिरिओ पी-३८ (जाड पिन). ती लाइनच्या सॉकेटात खुपसली. ढोलकी वाजली, बाजूची वाद्यं वाजली, गाणारीण मात्र गायब! बाई म्हणाल्या, “अहो, गाणं म्हणणारी कुठं गेली?” मोबाइल बदलला, तरी तेच. मिक्सरचं बॅलन्स्ड सॉकेट पिनेच्या टोकावरच्या आवाजातून मधल्या कड्यावरचा आवाज वजा करतं. माइकच्या केबलीत त्यामुळं बाहेरचा गोंगाट कटतो. पण स्टिरिओ गाण्यात टोकावर डावा आवाज असतो आणि कड्यावर उजवा. गाणारीचा गळा दोन्हीकडं सारखाच भरलेला असतो, म्हणून वजाबाकीत तोच शून्य होतो. यावर उपाय म्हणजे एक ईपी आणि दोन मोनो पी-३८ असलेली वाय केबल, दोन चॅनेलला. तेव्हापासून अशा दोन केबली माझ्या पेटीत असतातच.

मोबाइल चुकूनही कॅननमधून माइकच्या सॉकेटला जोडू नका, विशेषतः फँटम चालू असेल तर. फँटम म्हणजे कंडेन्सर माइकसाठी मिक्सरमधून उलटे जाणारे ४८ व्होल्ट. लहान मिक्सरवर बहुतेक वेळा सगळ्या कॅनन सॉकेटांना मिळून एकच बटण असतं. भजनातल्या साध्या डायनॅमिक माइकला नीट केबल असेल तर त्यानं काही होत नाही, मोबाइलला होऊ शकतं. आणि कंडेन्सर माइक मुका असेल तर फँटम चालू आहे का आणि केबलीच्या तिन्ही पिनांचे डाग, म्हणजे सोल्डरचे जोड, शाबूत आहेत का, हे बघा. बटण दाबताना फेडर खाली.

शिट्टी, म्हणजे फीडबॅक, याची बरीच कारणं मिक्सरच्या बाहेरच असतात. माइक स्पीकरच्या पुढं गेला, मॉनिटर (गायकाला ऐकू यावं म्हणून ठेवलेला स्पीकर) माइकच्या तोंडाकडं वळला, गायकानं जाळी मुठीत धरली. जाळी झाकली की माइक चहूबाजूंनी ऐकू लागतो, हे गायकांना सांगूनही पटत नाही. दुसरं कारण म्हणजे उघडे माइक. माइक दुप्पट झाले की शिट्टी येण्याआधी आवाज वाढवायला मिळणारी जागा ३ डेसिबलनं घटते. एकाचे आठ केलेत तर ९ डेसिबल गेले. भजनी मंडळाला प्रत्येक टाळकऱ्यापुढं माइक हवा असतो. मी ठेवतो, पण उघडतो त्यातले तीनच. हे त्यांना माहीत नाही आणि अजून तरी कुणी तक्रार केलेली नाही.

इथली एक वेगळी अडचण म्हणजे गुलाल. बेळगावात शिवजयंती वैशाखात तिथीनं होते, चित्ररथ निघतात, आणि गणपतीची विसर्जन मिरवणूक तर दुसऱ्या दिवसापर्यंत चालते. गुलालाची बारीक पूड फेडरच्या फटीतून आत बसते आणि मग फेडर सरकवला की खर्र खर्र. पावसाळ्यात खानापूरकडं दमटपणानं पिनांवर काळपट थर चढतो, त्याचीही खरखर अशीच. त्यावर फेडरला चालणारा कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, तोही मिक्सर बंद करून, आणि फेडर वीस-पंचवीस वेळा पूर्ण वरखाली करा. गंज काढायचा घरगुती स्प्रे नको, फेडरचं वंगण जातं आणि वर चिकटा बसतो. मिरवणुकीत मिक्सरवर प्लास्टिक टाका, पण हवेची भोकं उघडी ठेवा.

इथं काम करायचं तर थोडं कन्नड यायलाच हवं. सकाळी मराठी कीर्तन असतं, संध्याकाळी कन्नड नाटक, आणि दोन्हीकडं मिक्सर तोच. मी चॅनेलखालच्या पट्टीवर बुवा, पेटी, पखवाज असं लिहायचो. एकदा मी जेवायला गेलो आणि जागेवर बसलेल्या कन्नड सोबत्याला त्यातलं काहीच वाचता येईना. “साउंड बरतिल्ल” (आवाज येत नाही) म्हणत तो मला शोधत पंगतीत आला. आता आम्ही आकडे लिहितो, आणि तेच आकडे माइकच्या दांड्यांवरही चिकटवतो.

शिकायचं कुठं, असं पोरं विचारतात. आयटीआयचा इलेक्ट्रॉनिक मेकॅनिकचा दोन वर्षांचा कोर्स केलात तर चांगलंच, डाग देताना हात थरथरत नाही. नाही केलात तरी चालेल, पण पहिले सहा महिने केबली गुंडाळायची तयारी हवी. त्या कोपरावर गुंडाळू नका, आतली तार पिळवटून तुटते. बंद करताना आधी अ‍ॅम्प, मग मिक्सर. चालू करताना उलटं, नाहीतर स्पीकरमध्ये धप्प होतो.

आणि खराब निघालेली केबल तिथंच, अंधारात, कितीही झोप आली असली तरी, गाठ मारून वेगळी ठेवा. मी एकदा कंटाळून तशीच पेटीत टाकली. आठ दिवसांनी निपाणीच्या कार्यक्रमात पेटीत हात घातला तर सगळ्यात वर तीच होती.